पिवळ्या बाणाची वाट

चन्नम्माआक्का इंग्लंडहून परत आली त्या दिवसापासून कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत कुणाची सुटका राहिली नव्हती. गिरणीत दळण टाकायला जावं तर तिथं आक्का, दूध आणायला जावं तर तिथं आक्का, आणि आक्का भेटली की थॉर्नवेल आलंच. थॉर्नवेल म्हणजे तिचा मुलगा बसवेश राहतो ते इंग्लंडातलं गाव. लंडनबिंडन नव्हे, शहरापासून पार लांब, शेताशिवारातलं. तिथं जुना किल्ला आहे, हंसांचं तळं आहे, कुणा सरदाराची बाग आहे, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी पिठाची चक्की आहे, आणि लोकांच्या शेतातनं जाणाऱ्या पायवाटा आहेत. त्या वाटांवरनं माणसं नुसतीच चालतात.

“नुसतीच?” शेजारची तानाबाई दर वेळी विचारायची. “वैरण न्हाय, जनावरं न्हाईत, काय न्हाय?”

“नुसतीच,” आक्का म्हणायची. “हातात काठी, पाठीवर पिशवी. मी बी रोज जायचो की. मखमलीवानी वाट. साडीची किनार मळली न्हाय कवा.”

बायका कौतुकानं ऐकायच्या. दानेश्वरी मात्र दात आवळून हातातलं काम करत राहायची.

दानेश्वरी ही आक्काची धाकटी जाऊ. दोघींची घरं एकाच आवारात, मधे कडीपत्त्याचं झाड. थोरले मल्लाप्पा आक्काचे यजमान, धाकटा सिद्धाप्पा दानेश्वरीचा, अशा दोघा भावांचा लक्ष्मीपुरीत धान्याचा व्यापार. सिद्धाप्पाची आई तो लहान असतानाच गेली. चन्नम्मा लग्न होऊन घरात आली तेव्हा दीर शाळेतही जात नव्हता. तिनं त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, मारलं, जवळ घेतलं. मोठा झाला, लग्न झालं, मोनासारखी मुलगी झाली, तरी दुकानातनं आला की आधी आक्काच्या स्वयंपाकघरात डोकावून मग स्वतःच्या घरात जायचा. दानेश्वरीला सुरुवातीला याचा राग यायचा. पुढं सवय झाली.

मग आक्का बसवेशच्या बायकोच्या, वर्षाराणीच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिन्यांसाठी इंग्लंडला गेली आणि तिच्या मागं सिद्धाप्पानं अंथरूण धरलं. कावीळ म्हणता म्हणता डॉक्टर भलतंच काही बोलायला लागले. दवाखान्यात पडल्या पडल्या तो एकच गोष्ट विचारायचा.

“आक्का आली?”

“येईल,” दानेश्वरी म्हणायची. मल्लाप्पा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसवेशला फोन करायचे आणि खाली मान घालून परत यायचे. तिकीट मिळेना, बसवेश सांगायचा. आईला सांगतो, काळजी करू नका. शेवटी शेवटी सिद्धाप्पाला दिसायचंही कमी झालं होतं, पण दाराशी चप्पल वाजली की त्याची मान तिकडं वळायची. तशी वळलेलीच असताना एका पहाटे तो गेला.

दुपारी त्याला माती द्यायची होती. माणसं जमली होती. कुणाला काही कळवायचं राहिलंय का म्हणून दानेश्वरीनं फोन हातात घेतला आणि त्याच क्षणी घरच्या ग्रुपवर आक्काच्या नंबरावरनं एक फोटो आला. निळ्या फुलांनी भरलेलं रान. खाली लिहिलं होतं, ‘आज फुलं बघायला आलोय. शुभ सकाळ.’

थोड्या वेळानं तो फोटो पुसला गेला. पण दानेश्वरीच्या डोळ्यांपुढनं तो काही पुसला गेला नाही. नवऱ्याच्या मातीवर बेल टाकताना तिला ती निळी फुलं दिसत होती, आणि आजही कुठं निळं काही दिसलं की ती तोंड फिरवते.

आक्का परत आली ती आवारातच मटकन खाली बसली, छाती पिटून रडली. दानेश्वरी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. रडायला काय जातं, असं तिला वाटलं. आणि महिना उलटतो न उलटतो तोच गल्लीत किल्ला आणि तळं सुरू झालं. तेव्हापासून दानेश्वरीला एकच ध्यास. या बाईला एक दिवस चार माणसांत असं उघडं पाडायचं, की तिनं पुन्हा तोंड वर काढता कामा नये. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण ती थांबायला तयार होती.

ते ‘कसं’ तिला पोटच्या मुलीनं दिलं.

मोना शिकायला इंग्लंडला गेली. तिचं शहर थॉर्नवेलपासून बसच्या अंतरावर. बसवेशनं तिला एकदाही घरी बोलावलं नाही, घर लहान आहे म्हणाला. तरी एका रविवारी मैत्रिणींबरोबर मोना त्या जिल्ह्यातली एक पायवाट चालून आली आणि रात्री आईशी हसत हसत बोलत बसली.

“आई, पाय मोडले माझे. घोट्याएवढा चिखल. आणि दर दोन शेतांमधे दगडी भिंत. तिच्यावरनं चढून जायचं, लाकडाच्या पायऱ्या असतात, नुसत्या हातभर. पँट घालूनसुद्धा मी दोनदा पडले. शेतात गायी मोकळ्या. फाटक उघडलं की आपणच लावायचं, नाहीतर शेतकरी ओरडतो.”

दानेश्वरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“साडी नेसून जाता येईल?” तिनं विचारलं.

“साडी? वेडी आहेस का तू?”

त्या रात्री दानेश्वरीला झोप आली नाही, आणि पहिल्यांदाच ती सुखानं जागी राहिली. म्हणजे मखमलीची वाट खोटी, किनार न मळणं खोटं. आक्का कुठं चाललीच नव्हती. मग सहा महिने करत काय होती? गरम घरात पाय पसरून बसली होती. माणूस इकडं दाराकडं बघत मेला, हिला तिकडं काही काम नव्हतं, काही नव्हतं, तरी ही आली नाही. वर खोटे फोटो, वर खोट्या बढाया. दानेश्वरीनं मनात जेवढा राग साठवला होता त्याच्या दुप्पट आता जागच्या जागी तयार झाला.

पुढचं तिनं थंड डोक्यानं ठरवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आक्का दरवर्षी थाटात करायची. यंदा तर जास्तच थाट, कारण आठवड्यानं तिला पुन्हा इंग्लंडला जायचं होतं. वर्षाराणीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. हळदीकुंकू रविवारी होतं. इकडं संध्याकाळ तेव्हा तिकडं भर दुपार. दानेश्वरीनं मोनाला सांगितलं, त्या वेळी तू थॉर्नवेलच्या चौकात उभी राहा, मी व्हिडिओ लावीन.

“आई, नको ना,” मोना म्हणाली.

“तुझा बाप दाराकडं बघत गेला,” दानेश्वरी म्हणाली. मोना कितीची बस असते ते बघून सांगते म्हणाली.

*

हळदीकुंकवाच्या दिवशी दानेश्वरी दुपारपासून आक्काच्या स्वयंपाकघरात होती. विधवा बाईला बाहेर बसवत नाहीत, पण तिळगूळ वळायला, मसाला दूध आटवायला तिचे हात चालतात. गेल्या वर्षी ती न कळून बाहेर बसली होती. आक्काच्या चांदीच्या कोयरीतलं कुंकू सगळ्यांच्या कपाळाला लागून दानेश्वरीपर्यंत आलं आणि पुढं सरकलं. आक्कानं तिच्या हातात नुसतं एक फूल दिलं होतं. ते फूल तिनं मोरीत टाकलं होतं.

बाहेरच्या खोलीत बायका दाटून बसल्या. वाण म्हणून स्टीलचे डबे. आक्का इरकल नेसून, नाकात नथ घालून खुर्चीवर. बोलणं वळत वळत थॉर्नवेलवर आलं, यायचंच होतं.

“किल्ला परत बघणार म्हणा की,” कुणीतरी म्हणालं.

“बघायलाच पायजे,” आक्का म्हणाली. “बुरुजावरनं सगळा मुलूख दिसतोय. हंसाचं तळं, ती बाग…”

दानेश्वरी हात पुसत बाहेर आली. बायकांनी तिच्याकडं बघितलं. तिनं बाहेर यायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आक्का, मोनाचा फोन लागलाय,” ती गोड आवाजात म्हणाली. “ती आज तुमच्या थॉर्नवेललाच गेलीया. तुमच्या टीव्हीवर लावतो, मोठं दिसंल. समद्यांनाच बघू दे की.”

बायका खूश झाल्या. “लाव, लाव,” तानाबाई म्हणाली. आक्काचा चेहरा काय झाला ते कुणी पाहिलं नाही. दानेश्वरीनं पाहिलं. नथीखाली ओठ कोरडे पडलेले तिनं पाहिले आणि तिला दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

टीव्हीवर मोना आली. टोपी, मफलर, नाक लाल, हातात नकाशांचं पुस्तक. मागं राखाडी आभाळ, ओला रस्ता, दगडी चर्च.

“नमस्कार आक्का, नमस्कार सगळ्यांना.”

“मोना,” दानेश्वरी म्हणाली, “चालायला आलीस न्हवं तू? मग त्या पुस्तकात कशाला बघालीस? आक्का हायत की हितं. सहा महिनं रोज फिरत हुत्या. आक्का, सांगा तिला. किल्ल्याकडं कुठनं जायचं?”

खोलीत सगळ्या आक्काकडं बघायला लागल्या. हसऱ्या तोंडानं, मान पुढं काढून. आक्कानं पदर सारखा केला.

“ते… सरळ,” ती म्हणाली.

“सरळ तर शाळेची भिंत आहे, आक्का,” मोना म्हणाली.

“मग डावीकडं.”

“डावीकडं चर्चचं आवार. रस्ता संपतो.”

“बरं, त्ये जाऊ द्या,” दानेश्वरी म्हणाली. “तळ्याकडं कसं जायचं? न्हायतर ती निळ्या फुलांची बाग? तुम्ही फोटो धाडलेला की. माझ्या नवऱ्याच्या मातीच्या दिवशी. ती तर ध्यानात असंल.”

कुणाच्यातरी हातातली वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. आता कुणी हसत नव्हतं. हाच तो क्षण. यासाठीच दानेश्वरीनं त्या बाईच्या घरात तिळगूळ वळला होता.

“तुम्ही गेलाच न्हाय, आक्का,” ती म्हणाली. “कुटंबी गेला न्हाय. तिथं भिंतीवरनं चढून जावं लागतंय, चिखल तुडवावा लागतोय. साडीवर हुतच न्हाय त्ये. तुम्ही समद्यास्नी खोटं सांगालाय. घरात बसून हुता. आन माझा माणूस हितं आक्का आली का, आक्का आली का म्हणत मेला.”

आक्का टीव्हीकडं बघत होती. तानाबाईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“मोना,” आक्का हळूच म्हणाली, “चर्चचं मला ठाव न्हाय, बाई. गाडीतनं अंधारात आणलं मला आन अंधारातच न्हेलं. पर एक वाट ठाव हाय. लाकडाचं फाटक बघ कुटं. त्येच्या खांबावर पिवळा बाण असतोय. समोर पांढरी खिडकी, तळमजल्यावर.”

मोनानं इकडंतिकडं बघितलं. “पायवाटेला सगळीकडं पिवळे बाण असतात आक्का. थांबा, बसवेशदादाच्या गल्लीकडं जाते. पत्ता आहे माझ्याकडं.”

फोन तिच्या हातात हलत राहिला. टीव्हीवर ओल्या भिंती, बंद दारं, कुणाचं तरी कुत्रं. आक्का खुर्चीच्या कडेला सरकली होती. मग एका बोळाच्या तोंडाशी लाकडाचं फाटक आणि समोर पांढरी खिडकी दिसली. खांबावर पिवळा बाण.

“हे का?” मोनानं फाटक ढकललं आणि सोडलं. ते मागं येऊन खट्ट वाजलं.

तो आवाज ऐकून आक्का खुर्चीत दचकली.

“हेच,” ती म्हणाली. “हेच वाजायचं. दिवसभर. सकाळी उजाडलं की खट्ट. बाई कुत्रं घिऊन जायची. मग म्हातारा-म्हातारी काठ्या घिऊन. रविवारी तर जत्रंवानी. पोरं खांद्यावर घिऊन जायची माणसं. मी खिडकीत उभं ऱ्हाऊन बघायचो.”

“मग तुम्ही का न्हाय गेला?” तानाबाईनं विचारलं.

“दोघं कामाला जायची. दार असं हाय तिथलं, आपण बाहेर पडलं की आपोआप लागतंय. किल्ली माझ्याजवळ न्हवती. मागितलो तर बसू म्हणला, तुला कशाला, तू कुटं जाणार. आत पाळण्यात तान्हं लेकरू. म्या बाहेर पाऊल टाकलो आन दार लागलं म्हंजे?” आक्कानं हात उघडून दाखवला. “एकदा पायरीवर बसलो, पायानं दार धरून. तर सूनबाई आली. लोक बघत्यात, आत या म्हणली. तवापास्नं ती पायरी बी बंद.”

दानेश्वरी उभीच होती. तिला हे ऐकायचं नव्हतं.

“मग फोटो?” ती म्हणाली.

“फोन तिच्याजवळ असायचा. मला वाचता कुटं येतंय, दानू? आठवड्यानं एकदा लावून द्यायची आन बाजूला उभं ऱ्हायची. पुढं त्ये बी बंद, फोन बिघडलाय म्हणली. ती काय धाडत हुती मला परत आल्यावर समजलं. दारातनं बायका म्हणाल्या, आक्का, किल्ला बघितलासा म्हणं, फोनवर लिवलं हुतं. मी काय सांगू? माझ्या पोरानं मला मोलकरणीवानी ठेवलं म्हणून सांगू? व्हय म्हणलो. एकदा व्हय म्हणलो आन मग थांबता यीना.”

“आन माझा माणूस?” दानेश्वरीनं विचारलं. “थोरले भावजी रोज फोन करत हुते बसवेशला.”

“मातीवरची फुलं वाळल्यावर सांगितलं मला,” आक्का म्हणाली. “म्हणला, आदी सांगून काय उपेग, तू रडत बसली असतीस, बाळाकडं कोण बघणार. माझ्या हातानं वाढलेलं लेकरू त्ये. मी भाकऱ्या थापत हुतो, दानू. त्येला तुम्ही माती दिलासा तवा मी तिथं त्या खिडकीशी भाकऱ्या थापत हुतो.”

दानेश्वरी खाली बसली. दोन वर्षं तिनं एक चेहरा पडलेला बघायची वाट पाहिली होती. तो समोर पडला होता आणि तिला त्याचा काही उपयोग नव्हता. पण म्हणून राग गेला का? छे. तो होता तिथंच होता, हातात दगड धरून उभ्या असलेल्या माणसासारखा. फक्त ज्याला मारायचा तो इथं नव्हता. तो टीव्हीवर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या खिडकीच्या आत होता.

रविवार होता. घरीच असणार.

“मोना,” दानेश्वरी म्हणाली, “बेल दाब.”

“आई?”

“दाब म्हणलं की.”

बेल वाजली. खोलीतल्या बायका हलायच्या थांबल्या. दार उघडलं. अर्धी चड्डी, लोकरीची टोपी आणि खांद्यावर पोर घेऊन बसवेश उभा होता.

“मोना? तू हितं कशी?”

मोनानं फोनचा पडदा त्याच्याकडं वळवला. त्याला आधी दानेश्वरीच दिसली असणार, कारण तो ओळखीचं हसला.

“काकू? काय म्हणतासा?”

“काय न्हाय रे,” दानेश्वरी म्हणाली. आवाज तिचा अगदी मऊ होता. तिनं मनात बारा शिव्या तयार केल्या होत्या, एकही दिली नाही. “मोनाला किल्ला बघायचा हाय. लई लांब हाय काय?”

“किल्ला?” बसवेश हसला. “लांब कुटला. कोपऱ्यावर गेलं की दिसतोय. का?”

त्यानं हातानं दिशाही दाखवली. खांद्यावरचं पोर त्या हाताकडं बघायला लागलं.

इतक्या बायका असून खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग आक्का बोलली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“कोपऱ्यावर?”

बसवेशचं हसू गेलं. त्यानं डोळे बारीक करून पडद्यात बघितलं. आता त्याला सगळं दिसलं असावं. आई, इरकल, नथ, हळदीकुंकवाचं ताट, आणि मागं भिंतीपर्यंत बसलेल्या गल्लीतल्या सगळ्या बायका.

“आई? तू… काय चाललंय ह्ये?”

“कोपऱ्यावर हुता व्हय?” आक्का म्हणाली. “मला वाटायचं लांब असंल. गाडी लागत असंल, तुला येळ गावत नसंल. कोपऱ्यापत्तर न्हेला न्हाईस मला.”

“आई, थंडी असायची. तुझं गुडघं…”

“मे म्हैन्यात?”

तानाबाई जोरात श्वास सोडून म्हणाली, “आरं बाबा.”

दानेश्वरीनं त्याचा चेहरा बघितला. आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्याला कुठं बघावं कळेना तेव्हा तो पोराच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. हा चेहरा. हाच बघायचा होता तिला, फक्त ठाऊक नव्हतं. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. उन्हातनं आल्यावर पाणी प्यावं तसं बरं वाटलं, आणि त्याची तिला तसूभर लाज वाटली नाही.

“काकाचं मला कवा सांगितलास, बसू?” आक्कानं विचारलं.

“आई, नंतर बोलू. चारचौघीत कशाला?”

“चारचौघीतच बोलायचं. एकटी असलो की तू मला गप्प करतोस.”

“तुला तरास हुईल म्हणून न्हाय सांगितलं. आता तिकीट काढलंय, यायलीसच की तू पुढच्या…”

“मी येत न्हाय.”

“आई, वर्षाराणीचं दिवस भरत आल्यात.”

“तिची आई इचलकरंजीत हाय. तिला बोलव. आन तिला किल्ली दे.”

एवढं बोलून आक्कानं पदरानं तोंड पुसलं. नथ तिला टोचली असावी, ती काढून तिनं ताटात ठेवली. मग टीव्हीकडं वळून म्हणाली, “मोना, तू जा बाई. कोपऱ्यावर जा. बघू दे मला.”

मोना वळली. पिवळ्या बाणाचं फाटक पुन्हा आलं, तिनं ते उघडलं, आणि लावलं, खट्ट. या वेळी आक्का दचकली नाही. वाट अरुंद होती आणि खरोखरच चिखलाची होती. मोनाचे बूट त्यात रुतायचे आणि निघायचे. बायका पुढं सरकून बघत होत्या, जणू सगळ्याच चालल्या होत्या. एक दगडी भिंत आली, तिला हातभर पायऱ्या होत्या. मोना चढली, टीव्हीत सगळं आडवं झालं, पुन्हा सरळ झालं.

“ह्येच्यावरनं मी साडीत कसली जातोय,” आक्का म्हणाली, आणि कुणीतरी हसलं, आणि मग आक्काही थोडी हसली.

भिंतीच्या पलीकडं वाट वळली. तिथं किल्ला होता. हिरव्या उंचवट्यावर दोन पडक्या भिंती, एका भिंतीत खिडकीचं भोक. बाजूला एक पाटी. बुरूज नव्हता, छप्पर नव्हतं, दरवाजाही नव्हता. आडोशाला मेंढरं उभी होती.

“एवढाच?” तानाबाई म्हणाली. “आमच्या पन्हाळ्यावर असल्या भिंती कुणी इच्चारत बी न्हाय.”

“एवढाच,” आक्का म्हणाली. पण तिची नजर हलली नाही. ती त्या भोकातनं पलीकडचं आभाळ बघत होती.

दानेश्वरी अजून खालीच बसली होती. आक्का खुर्चीवरनं उठली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश तिच्याशेजारी जमिनीवर बसली. कोयरी तिच्या हातात होती.

“मला उघडं पाडायला लावलीस न्हवं ह्ये?” तिनं विचारलं.

“व्हय,” दानेश्वरी म्हणाली.

“बरं केलीस.”

आक्कानं बोट कुंकवात बुडवलं. बायका बघत होत्या. कुणीतरी “आक्का” म्हणालं. आक्कानं ते बोट दानेश्वरीच्या कपाळाला टेकवलं, जरा जास्तच जोरात, थोडं कुंकू नाकावर सांडलं. दानेश्वरीनं ते पुसलं नाही.

तेवढ्यात टीव्हीतनं धापा टाकल्याचा आवाज आला. बसवेश मागनं पळत आला होता. घरातल्या सपाता घालूनच, पोर काखेत, पाय घोट्यापर्यंत चिखलात. बारीक पाऊस लागला होता. मोनानं त्याच्याकडं फोन फिरवला नाही. तो पडद्याच्या कडेला, अर्धा दिसत, अर्धा न दिसत उभा होता आणि बोलत होता. आई, ऐक तरी. आई, माझं ऐकून घे. शब्द पावसात अर्धे बुडत होते.

“काय म्हणतोय त्यो?” आक्कानं विचारलं.

“माफी मागालाय वाटतं,” दानेश्वरी म्हणाली.

आक्कानं खोलीतल्या बायकांकडं एकदा बघितलं. मग पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून नीट बसली.

“आवाज वाढव जरा,” ती म्हणाली. “समद्यास्नी ऐकू दे.”

दानेश्वरीनं रिमोट घेतला आणि आवाज वाढेल तेवढा वाढवला.